सांगायचं माप, शिवायचं माप

आमच्या गल्लीत कुणाचं वय विचारलं तर कळतं. पगार विचारला तर आडून आडून कळतो. कुणाच्या चुलीवर काल काय करपलं ते तर न विचारताच कळतं. कळत नाही ती फक्त कंबर. कुणाची कंबर किती, हे एकाच बाईला ठाऊक आणि त्या बाईनं तोंडाला टाके घातलेले.

तिला सगळे फीतबाई म्हणतात. मापाची फीत सकाळी गळ्यात पडली की झोपतानाच उतरते. नवरा बस चालवतो. तो म्हणतो, "लग्नात मी गळ्यात साखळी घातली होती. ती चार दिवसांत टोचायला लागली म्हणून निघाली, आणि ही आली. ही काही टोचत नाही."

बाई अंगानं भरलेली, आवाजानं जाड. शिंकली तर खुंटीवरच्या कात्र्या वाजतात. पण माप घ्यायला पडद्याआड गेली की मांजर. दुसरे शिंपी आकडा असा ओरडतात की समोरच्या फुटपाथवर ऐकू जावा. ही ओठ मिटून मोजते, आकडा जिभेखाली धरते, पडद्याबाहेर येते आणि स्वतःच्या हातानं काउंटरवरच्या लॅपटॉप कॉम्प्युटरात टाकते. गिऱ्हाईक मागून मान लांबवून विचारतं, "किती हो?" मग ती जे सांगते ते सांगायचं माप.

कारण तिच्याकडे मापं दोन. एक सांगायचं, एक शिवायचं. कॉम्प्युटरात प्रत्येक नावापुढे दोन रकाने. सांगायच्या मापात माणूस दोन वर्षांपूर्वी होता तेवढाच असतो, शिवायच्या मापात आज आहे तेवढा. कपडा शिवायच्या मापानं होतो, त्यामुळे अंगावर चपखल बसतो, आणि माणूस आरशात बघून म्हणतो, बघा, काही वाढलो नाही. जुना कोट लागत नाही म्हणून कुणी तक्रार केली तर फीतबाई गंभीर तोंडानं सांगते, "कापड आटलंय." या गल्लीत गेल्या वीस वर्षांत एकही माणूस जाड झालेला नाही. सगळं कापडच आटलंय.

आता असली फाइल उघड्यावर पडली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. आणि एकदा ती पडलीच.

कॉम्प्युटर बिघडला म्हणून तिनं तो बाजारातल्या कुठल्याशा दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्यानं दुरुस्त केला, आणि वर वाचलाही. दुसऱ्या दिवशी बेकरीवालीच्या दुकानात पाव घ्यायला आलेला एक टवाळ तिच्या कमरेचा आकडा म्हणाला आणि पुढे म्हणाला, "पीठ बरं फुगलंय." बेकरीवाली रडली नाही. ती सरळ फीतबाईच्या दुकानात आली, अर्धा शिवलेला आपला झगा मशीनखालून ओढून घेतला, काउंटरवर ठेवला. "हा आता तुम्हीच घाला," म्हणाली आणि गेली. गिऱ्हाइकं तुटली त्याचं फीतबाईला एवढं लागलं नाही. तो अर्धा झगा मात्र ती कितीतरी दिवस घडी करत होती आणि उलगडत होती.

तेव्हा तिनं तारवाल्याला बोलावलं. तारवाला म्हणजे पलीकडच्या चौकातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. खिशातून कायम एखादी वायर लोंबत असते, म्हणून तारवाला.

"मला ही फाइल लपवून दे," फीतबाई म्हणाली.

"लपवलेलं सापडतं, काकू. लपवायचं नाही, कुलूप घालायचं. एन्क्रिप्शन म्हणतात त्याला. सगळी ड्राइव्हच बंद. उद्या कुणी कॉम्प्युटर उचलून नेला, आतली ड्राइव्ह काढून दुसऱ्याला जोडली, तरी त्याला नुसता भुसा दिसणार."

"भुसा?"

"अक्षरं, आकडे, सगळं कालवलेलं. पासवर्ड टाकला की परत जागच्या जागी."

फीतबाईनं गळ्यातली फीत बोटावर गुंडाळली. ती विचार करायला लागली की गुंडाळते. "म्हणजे कोट उसवून धागा धागा सुटा करायचा आणि पोत्यात भरायचा. चोरानं पोतं नेलं तर त्याला धागेच. कुठला धागा कुठं जातो ते आपल्यालाच माहीत."

"तसंच."

"आणि आपणच विसरलो तर?"

"तर आपल्यालाही धागेच," तारवाला म्हणाला. "हे कुलूप मी लावतो, पण मलाही ते उघडता येत नाही. तेच त्याचं मोठेपण."

हे तिला फार आवडलं. लावणाऱ्यालाही उघडता येत नाही, असलं कुलूप तिला आयुष्यभर हवं होतं.

पासवर्ड कुणी ठेवायचा हा पुढचा प्रश्न. दुकान एकटीचं नव्हतं. दुसऱ्या मशीनवर तिची जाऊ बसायची, धाकटी. धाकटी हडकुळी, तोंडाळ आणि हाताची इतकी सफाईदार की तिची शिवण उलटी करून बघितली तरी सुलटीच वाटते. फीतबाईनं ठरवलं, पासवर्ड दोघींत वाटून घ्यायचा. अर्धा माझा, अर्धा तुझा. एकीनं टाकताना दुसरीनं तोंड फिरवायचं. म्हणजे एकीची जीभ सैल सुटली, तरी अर्धाच बाहेर. तारवाल्यानं मान डोलावली, आणि अडीअडचणीला म्हणून बचावाचा एक लांबलचक कोडही छापून दिला. "हा जपून ठेवा काकू. दोघीही विसरलात तर हाच."

तो कोड त्यानं बिलाच्या मशीनवर छापला होता. त्या कागदाची सारखी गुंडाळी व्हायची. आता शिंपिणीला गुंडाळी झालेलं काही बघवतं का? तारवाला गेल्यावर फीतबाईनं कागद टेबलावर पसरला, वर एक पातळ फडकं टाकलं आणि गरम इस्त्री फिरवली. फडकं उचललं तर कागद एकदम सरळ, आणि एकदम काळा. बिलाच्या कागदाला उष्णता लागली की तो काळा पडतो, हे तिला कुणी सांगितलं होतं? तिनं तो काळा कागद घडी करून सुयांच्या डबीत तळाशी ठेवला आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. गुपित ठेवण्यात ती पटाईतच.

पुढे सगळं सुरळीत चाललं. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी फीतबाई बसायची, धाकटी छताकडे बघायची. मग धाकटी बसायची, फीतबाई रस्त्याकडे बघायची. फाइल उघडली की चहा. हळूहळू गिऱ्हाइकं परतली. बेकरीवालीही आली. तिचा झगा फीतबाईनं मधल्या दिवसांत शिवत आणला होता, तेवढी एक बाही राहिली होती.

मग भांडण झालं. एक दिवस फीतबाई पडद्याआड असताना धाकटी कुणाचं तरी माप शोधत होती आणि शोधता शोधता तिला स्वतःचंच नाव दिसलं. पुढे दोन रकाने. सांगायचं माप वेगळं, शिवायचं वेगळं. मागच्याच आठवड्यात फीतबाईनं तिचा दुकानात घालायचा झगा बेतताना माप घेतलं होतं आणि सांगितलं होतं, "आहेस तेवढीच आहेस." फाइलीत तसं नव्हतं. शिवायच्या रकान्यात कंबर वाढलेली होती, बाकी मापं जागच्या जागी, म्हणजे खाऊन वाढते तशी नव्हे. धाकटीला दिवस गेले होते. तिला स्वतःला नुसती शंका होती, नवऱ्याला पत्ता नव्हता, आणि फीतबाईच्या फितीला ते आधीच कळलं होतं.

फीतबाई पडदा सारून बाहेर आली तर धाकटी कमरेवर हात ठेवून उभी.

"जाऊबाई, तुम्हाला कळलं होतं."

एरवी ती ताई म्हणायची. जाऊबाई म्हणाली की वारा फिरला समजायचं.

"फितीला कळलं होतं," फीतबाई म्हणाली.

"आणि मला म्हणालात, आहेस तेवढीच आहेस."

"गिऱ्हाइकाचं माप मी गिऱ्हाइकालाही सांगत नाही."

"मी गिऱ्हाईक आहे?"

इथं फीतबाईनं काहीतरी बोलायला हवं होतं. साधं 'नाही गं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण वीस वर्षं तोंड मिटून ठेवल्यावर ते वेळेवर उघडत नाही. ती मशीनवर बसली आणि पायानं चाक फिरवायला लागली. अबोला सुरू.

अबोला असा की सगळ्या गल्लीनं येऊन बघावा. रोज सकाळी फीतबाई बसायची, अर्धा पासवर्ड टाकायची, उठायची. धाकटी यायची, उरलेला टाकायची, उठायची. चकार शब्द नाही. चहाचे दोन कप दोन टोकांना. कात्री हवी असेल तर धाकटी गिऱ्हाइकाला सांगायची, "तिकडची कात्री इकडे द्यायला सांगा." गिऱ्हाईक मधल्या मध्ये कात्री वाहायचं. धाकटीचं पोट पुढे यायला लागलं, तसं सगळ्यांना वाटलं, आता सुटेल अबोला. सुटला नाही. धाकटी बेकरीवालीला म्हणाली, "बाळ झालं की मी माहेरच्या गावातच मशीन टाकणार. माणसाला फाइलीत घालणाऱ्यांबरोबर कोण बसणार?" हे तिनं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, फीतबाईला ऐकू जाईल असं.

एका सकाळी धाकटीनं नेहमीसारखा अर्धा पासवर्ड टाकला, पिशवी उचलली आणि बाळंतपणाला माहेरी गेली. जाते म्हणाली नाही. फीतबाईनं ये म्हटलं नाही.

फीतबाईच्या लक्षात आलं, आता लॅपटॉप बंद करून चालणार नाही. एकदा बंद झाला की परत उघडायला धाकटी हवी. म्हणून तिनं तो चालूच ठेवला, दिवस आणि रात्र. आणि शिवणाच्या मशीनला रोज संध्याकाळी झाकण घालते, तसं यालाही घालावं असं तिला वाटलं. उरलेल्या अस्तराचं, आत कापूस भरलेलं, कडेला दुहेरी शिवण असलेलं असं सुरेख पांघरूण तिनं शिवलं. एखाद्या बाळाला शिवावं तसं. आणि चालू लॅपटॉपवर घातलं.

सकाळी पांघरूण काढलं तर लॅपटॉप भाजलेल्या वांग्यासारखा गरम आणि थंडगार गप्प.

तारवाला धावत आला. त्यानं तो थंड केला, चालू केला. चालू झाला. बिघडलं काही नव्हतं, नुसता जीव गुदमरला होता. पण आता पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट होती.

"बचावाचा कोड आणा," तारवाला म्हणाला.

फीतबाईनं सुयांची डबी उघडली आणि काळा कागद त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, उजेडात धरला.

"इस्त्री केलीत?"

"गुंडाळी होत होती."

तारवाला नंतर चौकात गेला आणि भिंतीला टेकून बराच वेळ हसत राहिला. समोर मात्र हसला नाही. एवढं भान त्याला होतं.

नेमका त्याच सकाळी नाटक मंडळीच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. ही मंडळी गावोगाव फिरते. गेल्या हंगामात त्यांचे कपडे इथंच झाले होते. नवं नाटक, सगळ्यांना नवे झगे, कोट, विजारी. मंडळी थेट पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच येणार, त्यामुळे कपडे तयार हवेत. "मापं तुमच्याकडे आहेतच. नीट बसले तर पुढची सगळी नाटकं तुमची. नाही बसले तर आम्ही तयार कपडे भाड्यानं घेणार, काय करणार?" फीतबाई हो म्हणाली. तिला नाही म्हणता येत नाही. मॅनेजरबाईंनी वर सांगितलं, काही लागलं तर नटांना फोन करा.

तिनं एकाला केला. नाटकातला विनोदी नट, अंगानं पिंप.

"माप ना? मागच्या वेळेपेक्षा बारीकच झालोय, बाई. फिरून फिरून."

"मागच्या वेळेचं किती होतं?"

त्यानं आकडा सांगितला. अर्थात तो सांगायच्या मापाचा आकडा होता. तिनंच त्याला दिलेला. त्या आकड्यात त्याची एक मांडी बसली असती. फीतबाईनं फोन ठेवला आणि पहिल्यांदाच तिला स्वतःचा राग आला. तिनं सगळ्यांना इतकी वर्षं गोड खोटं दिलं होतं, आणि आता हवं तेव्हा तेच गोड खोटं तिला परत मिळत होतं. खरं माप जगात एकाच जागी होतं, आणि त्याची अर्धी किल्ली रुसून माहेरी बसली होती.

"फोनवर विचार ना तिला," नवरा म्हणाला.

"फोनवर पासवर्ड सांगायचा नाही, असं मीच तिला बजावलंय."

"मग जा."

"तिनं बोलावलं नाही. बाळ झालं तेही मला बेकरीवालीकडून कळलं."

"तुला बोलावणं हवंय की कुलूप उघडायला हवंय, ते ठरव. माझी बस दोनला सुटते, त्याच बाजूला जाते."

लॅपटॉप त्याच कापसाच्या पांघरुणात गुंडाळून फीतबाई दोनच्या बसमध्ये बसली. गळ्यातली फीत काढायचं तिला सुचलंच नाही. नवऱ्यानं आरशात बघितलं, पण गाडी चालवताना बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून तो नुसता मिशीत हसला.

धाकटीच्या आईनं दार उघडलं. "या, या. बाळ बघायला आलात?"

फीतबाईच्या काखेत लॅपटॉप. ती हो म्हणाली, आणि मग राहवेना म्हणून, "आणि थोडं काम," असंही म्हणाली.

आत धाकटी उशीला टेकून बसली होती. मांडीवर मुलगी, लालबुंद, मुठी वळलेली. धाकटीनं आधी फीतबाईकडे बघितलं, मग काखेतल्या पांघरुणाकडे.

"बाळासाठी दुलई आणलीत?"

"नाही. लॅपटॉपला शिवली होती."

"म्हणजे कुलूप उघडायला आलात."

"हो," फीतबाई म्हणाली. "कुलूप उघडायला आले."

धाकटीनं बहुतेक दुसऱ्या उत्तराची तयारी केली होती, आणि त्या उत्तराला झोडपायला शब्दही जमवून ठेवले होते. "खरं बोललात," ती म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

फीतबाईनं सगळं सांगितलं. पांघरुणाचं सांगितलं, मंडळीचं सांगितलं, पिंपाएवढ्या नटाचं सांगितलं. आणि काळ्या कागदाचंही सांगितलं. तिथं धाकटीच्या आईला हसू आवरेना, तर धाकटी पोट धरून म्हणाली, "आई, हसू नकोस गं, मला दुखतं." आणि स्वतःच हसत राहिली.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "माझा अर्धा सांगते. तुम्हीच टाका."

"नको. मला कळता कामा नये."

"आता तरी?"

"आता तर नकोच. दुकान सोडून जाणार असलीस, तरी तुझा अर्धा तुझाच."

फीतबाईनं आपला अर्धा टाकला. तेवढा वेळ धाकटी सवयीनं छताकडे बघत होती. मग तिनं मुलीकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं. "हात दोनच आहेत मला. धरा हिला."

फीतबाईनं मुलगी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागं टकटक वाजत होतं. मुलीनं मूठ उघडली आणि गळ्यातली फीत घट्ट पकडली. मग फीतबाईच्या हातांनी, तिला न विचारताच, आपलं काम केलं. टाचेपासून टाळूपर्यंत. ओठ मिटून.

"उघडलं," धाकटी म्हणाली.

फीतबाई वळली. मंडळीची मापं पडद्यावर होती, पण धाकटी ती बघत नव्हती. ती स्वतःच्या नावावर थांबली होती. शिवायच्या रकान्यात आकड्याखाली आकडे होते. शेवटचा, ती माहेरी निघाली त्या आठवड्यातला.

"हे कधी मोजलंत? आपण तर बोलत नव्हतो."

"नजरेनं."

"कशाला?"

"झगा सैल करायला नको का? दुकानातला. तू संध्याकाळी दुकानातून गेलीस की दर थोड्या दिवसांनी कडेची शिवण सोडत होते."

धाकटीचं तोंड उघडंच राहिलं. "मला वाटलं, धुऊन धुऊन सैल होतोय."

"धुतल्यावर कापड आटतं, सैल होत नाही. शिंपीण आहेस ना तू?"

"तुम्हीच तर सगळ्यांना सांगता आटतं म्हणून. मला वाटलं तेही खोटंच."

आता फीतबाई हसली. तिच्या आवाजानं मुलगी दचकली, फीत मात्र सोडली नाही.

धाकटीनं मंडळीची मापं लगेच कागदावर उतरवून घेतली नाहीत, फाइल तशीच उघडी ठेवली. आणि आपल्या नावाखाली एक नवी ओळ काढली. "हिची लांबी किती?"

"चांगली आहे. भरपूर आहे."

"ताई," धाकटी म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ताई. "खरं सांगा."

फीतबाईनं घसा साफ केला. दाराबाहेर नवरा बस फिरवून परत आलेला दिसत होता, धाकटीची आई कप घेऊन उभी होती, म्हणजे ऐकणारी माणसं भरपूर. तरी तिनं मोठ्यानं सांगितलं, "साडेएकोणीस इंच. वर एक धागा नाही."

"दुसऱ्या रकान्यात?"

"दुसरा रकाना हिला नको."

मंडळीचे कपडे वेळेवर झाले. बटणं आणि काज्यांचं काम धाकटीच्या माहेरी पोचवलं जायचं आणि दोनच्या बसनं परत यायचं. विनोदी नटानं विजार चढवली, आरशात बघून पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "बघा, फोनवर सांगितलं होतं ना, बारीक झालोय?" फीतबाई म्हणाली, "दिसतंच आहे." पुढच्या नाटकाचे कपडेही इथंच आले.

धाकटीनं माहेरच्या गावात मशीन टाकलं नाही. तिची मुलगी आता कापायच्या टेबलाखाली टोपलीत झोपते, लॅपटॉपच्या त्याच दुलईत. रोज सकाळी एक बसते, दुसरी छताकडे बघते, मग उलट. तेवढ्यापुरत्या दोघी गप्प असतात, एरवी गिऱ्हाइकाला बोलायला जागा मिळत नाही. तारवाल्यानं बचावाचा नवा कोड दिला, आणि या वेळी साध्या कागदावर पेननं लिहिला. तो धाकटीच्या आईकडे ठेवलाय. म्हातारीला एकच गोष्ट दहादा बजावली आहे, की इस्त्री करायची नाही.

परवा बेकरीवाली टोपलीत डोकावून म्हणाली, "वाढली हो पोर. किती झाली आता?"

फीतबाईनं दातांत धरलेली टाचणी काढली. "आईला विचारा," म्हणाली. "गिऱ्हाइकाचं माप मी कुणाला सांगत नाही."

टेबलापलीकडून धाकटीनं आकडा सांगितला. अर्धा इंच वाढवून.